अलास्का हायवे आणि ९५ व्या रेजिमेंटचा लाकडी पूल

घाटमाथा

गेल्या सप्टेंबरात कॅनडात डॉसन क्रीकपासून व्हाइटहॉर्सपर्यंत गाडीनं गेलो. मुलगी एडमंटनला असते, जावयाला आठ दिवसांची सुट्टी मिळाली आणि त्यानं विचारलं, "बाबा, तुम्हाला काय बघायचंय?" मी ३१ वर्षं रस्त्यांच्या कामावर काढली, निम्मी कोकणात आणि निम्मी घाटात. मी दुसरं काय सांगणार! अलास्का हायवे बघायचाय म्हटलं.

डॉसन क्रीकच्या चौकात 'मैल शून्य'चा पांढरा खांब आहे. तिथून मूळचा रस्ता अलास्कातल्या डेल्टा जंक्शनपर्यंत साधारण १,४०० मैल जात होता, म्हणजे २,२०० किलोमीटरच्या वर. मार्च १९४२ मध्ये काम सुरू झालं आणि ऑक्टोबर संपायच्या आत या टोकाची वाट त्या टोकाला जाऊन मिळाली. आठ महिने! मध्ये रॉकी पर्वत, दलदल, शेकडो ओढे-नद्या आणि बऱ्याच भागाचा धड नकाशासुद्धा नव्हता. माझ्या नोकरीत ४० किलोमीटरच्या रस्त्याचं भूसंपादन आठ महिन्यांत झालेलं मी पाहिलेलं नाही.

घाई होती ती युद्धामुळे. डिसेंबर १९४१ मध्ये पर्ल हार्बर झालं. अलास्का अमेरिकेचा, पण तिथे जमिनीवरून जायला रस्ताच नाही, सगळी भिस्त जहाजांवर. एडमंटनपासून फेअरबँक्सपर्यंत जंगलात विमानतळांची एक माळ होती: फोर्ट सेंट जॉन, फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक, व्हाइटहॉर्स. पुढे सोव्हिएत रशियाला द्यायची विमानंही याच मार्गानं गेली. या विमानतळांना इंधन आणि सामान पोचवायला रस्ता हवा होता. जूनमध्ये जपान्यांनी अलास्कातल्या डच हार्बरवर बॉम्ब टाकले, अल्यूशियन साखळीतली अट्टू आणि किस्का ही बेटं घेतली, तेव्हा घाई आणखी वाढली.

इथवर मला साधारण माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की या कामावर अमेरिकन सैन्याच्या सात इंजिनिअर रेजिमेंट होत्या आणि त्यांतल्या तीन, म्हणजे ९३ वी, ९५ वी आणि ९७ वी, कृष्णवर्णीय सैनिकांच्या होत्या. अमेरिकेचं सैन्य तेव्हा रंगावरून विभागलेलं होतं. गोऱ्यांच्या तुकड्या वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या, आणि काळ्यांच्या तुकड्यांवर अधिकारी मात्र जवळपास सगळे गोरे. रस्त्यावरच्या दहा-अकरा हजार सैनिकांपैकी साडेतीन हजारांहून अधिक, म्हणजे तिघांतला एक, कृष्णवर्णीय होता. वर्षानुवर्षं या रस्त्याच्या कौतुकात त्यांचं नाव जवळजवळ आलंच नाही. मीही ऐकलं नव्हतं, आणि रस्ते हाच माझा धंदा.

आता ज्या जागेसाठी हा धागा काढला तिच्याकडे येतो. डॉसन क्रीकपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास सिकानी चीफ नावाची नदी आडवी येते. रस्ता एकदम उतारानं खाली जातो, पूल ओलांडतो आणि पलीकडे चढतो. आमच्याकडच्या एखाद्या खिंडीसारखीच जागा. इथे ९५ व्या रेजिमेंटनं १९४२ मध्ये लाकडी पूल बांधला.

ही ९५ वी रेजिमेंट आली तेव्हा तिच्याकडे यंत्रं होती. ती यंत्रं काढून पुढच्या गोऱ्या ३४१ व्या रेजिमेंटला देण्यात आली. काळ्या सैनिकांना मोठी यंत्रं हाकता येणार नाहीत, असं वरच्यांनी आधीच ठरवून टाकलं होतं. यांच्या हातात राहिली फावडी, कुदळी, कुऱ्हाडी आणि करवती. पुढच्यांनी जंगल पाडत जायचं आणि यांनी मागून गटारं काढत, खड्डे भरत, मोऱ्या बसवत यायचं.

साइटवर काम केलेल्या माणसाला यातला अपमान वेगळा सांगावा लागत नाही. ज्या गँगला साहेब कामाची समजत नाही तिला मागचं साफ करायला ठेवतात.

मग सिकानी चीफवर पूल बांधायची वेळ आली आणि ते काम ९५ व्या रेजिमेंटच्या ए कंपनीकडे गेलं. जवळपास ३०० फुटी पूल. अवजारं तीच, हातातली. या सैनिकांनी आपल्या पगाराची पैज लावली, की पूल चार दिवसांच्या आत उभा करतो. झाडं तिथलीच तोडली, तिथेच तासली. माणसं दोर धरून छातीभर पाण्यात उतरली, खांब उभे केले, वर तुळया टाकल्या, त्यांवर फळ्या ठोकल्या. अंधार पडला की ट्रकचे दिवे नदीकडे वळवून काम चालू ठेवलं. चार दिवस लागले नाहीत. पैज जिंकली.

मी नदीकाठी उतरलो. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, ऊन होतं, तरी अंगात जाड जाकीट. बूट-मोजे काढले आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभा राहिलो. जावई वरून वेळ मोजत होता. मिनिटभर झालं तेव्हा बोटं कुठे आहेत ते कळेनासं झालं, दीड मिनिटाला बाहेर आलो. नंतर गाडीत बराच वेळ पाय चोळत बसलो होतो आणि डोक्यात एकच चाललं होतं, की त्यांनी वहाळात खांब सरळ कसा धरला असेल? पाण्यात खांब उभा करताना चार माणसं चारी बाजूंनी दोर ताणतात, एक ओळंबा बघतो. बधिर हातात दोराची ओढच कळत नाही. आमच्याकडे जूनच्या पहिल्या पुरात हे काम करताना माणसं थरथरतात, आणि ते पाणी कोमट म्हणावं असं असतं.

तो पूल आज नाही. युद्धातले असे लाकडी पूल पुढे बदलले गेले. पण जागा तीच आहे. कुणाला याबद्दल अधिक माहिती असेल, कुणी त्या बाजूला राहत असेल तर जरूर लिहा.

आसावरी

लेख दोनदा वाचला. खांब आणि दोराचं वाचताना मलाच गारठल्यासारखं झालं.

एक प्रश्न आहे. वरिष्ठांचा यांच्यावर भरवसाच नव्हता, तर मग यांना इतक्या दूर पाठवलंच का? आणि राहायला काय होतं तिथे?

घाटमाथा

आसावरीताई, माणसं कमी पडत होती म्हणून पाठवलं. गोऱ्या इंजिनिअर तुकड्या इतर आघाड्यांवर हव्या होत्या. अलास्काच्या संरक्षणाचा प्रमुख होता जनरल सायमन बोलिव्हर बकनर ज्युनिअर. याचे वडील अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या बाजूचे जनरल. बकनरनं एप्रिल १९४२ मध्ये वॉशिंग्टनला पत्र लिहून काळ्या सैनिकांबद्दलची नाराजी कळवली. थंडी किंवा कामाची कुवत हे त्याचं खरं दुखणं नव्हतं. युद्धानंतर ही माणसं इथेच राहतील आणि मूळ रहिवाशांशी त्यांची लग्नं होतील, याची त्याला भीती होती. वस्तीपासून लांब ठेवत असाल तर रस्त्यावर राबायला माझी हरकत नाही, असा त्याचा सूर होता.

आणि तसंच ठेवलं त्यांना. गावांपासून लांब, जंगलात. राहायला तंबू. ९३ वी लुइझियानात उभी राहिलेली, ९७ वी फ्लोरिडाहून आलेली. बरीच मुलं दक्षिणेकडची, कापसाच्या आणि उसाच्या मुलखातली. बर्फ कधी पाहिलेला नाही अशीही त्यांत पुष्कळ. उन्हाळ्यात डास असे, की जेवणाच्या ताटलीवर थर बसावा. ऑक्टोबरपासून थंडी सुरू, पुढे उणे ४० आणि त्याच्याही खाली. डिझेलचं इंजिन एकदा बंद केलं की पुन्हा सुरू होत नाही, म्हणून रात्रभर चालूच ठेवायचं.

चिन्मय_पु

काका, तांत्रिक प्रश्न. मी सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गोठलेली जमीन म्हणजे दगडासारखी टणक असणार. मग रस्ता करायला ती चांगलीच ना? दलदल कशी काय झाली?

घाटमाथा

चिन्मय, फार चांगलं विचारलंस. तिथल्या इंजिनिअरांचीही सुरुवातीला हीच समजूत होती.

बर्फाच्या लाद्या विकणारे लादीवर लाकडाचा भुसा टाकतात, वर गोणपाट घालतात, ते पाहिलं असशील. भुसा आहे तोवर लादी दुपारच्या उन्हातही टिकते. भुसा झाडला की तासाभरात पाणी. त्या भागात जमिनीखाली वर्षानुवर्षं न वितळणारा गोठलेला थर आहे, पर्माफ्रॉस्ट म्हणतात. त्याच्यावर शेवाळ, मुळं, पालापाचोळा यांची जाड गादी असते. ती गादी म्हणजे तो भुसा. आपण इथे काय करतो? रस्त्याचं काम निघालं की आधी वरची माती, झाडोरा खरवडून पक्क्या थरापर्यंत जातो. तिथेही डोझरनं तेच केलं. गादी निघाली, ऊन लागलं, खालचा बर्फ वितळला आणि दोन दिवसांत कमरेइतका राडा. ट्रक रुतले, डोझर रुतले, रुतलेल्याला काढायला आलेलेही रुतले.

उपाय सापडला तो जुनाच आणि हातानं करायचा. गादीला हात लावायचा नाही. झाडं कापायची, फांद्या छाटायच्या, ओंडके रस्त्याच्या आडव्या रेषेत एकमेकांना चिकटवून मांडायचे, त्यांवर फांद्या, त्यांवर माती आणि खडी. गरज पडली तर ओंडक्यांचे दोन-दोन, तीन-तीन थर. गाडी ओंडक्यांवर, ओंडके गादीवर, खाली बर्फ शाबूत. हजारो झाडं, सगळी कुऱ्हाडीनं आणि करवतीनं. आता विचार कर, हातातल्या अवजारांची सवय कुणाला झाली होती?

जुना रस्ता बऱ्याच ठिकाणी सोडून नवा सरळ काढलाय. अशा एका सोडून दिलेल्या वळणावर आम्ही चालत गेलो होतो. मधोमध झुडपं वाढलीत. एका ओघळानं कडेचा भराव खाल्लाय आणि तिथे ओंडक्यांची तोंडं बाहेर दिसतात, एकापुढे एक, रांगेनं. काळपट करडे पडलेत. एकाच्या तोंडावर कुऱ्हाडीचे घाव अजून स्पष्ट होते, दोन बाजूंनी तिरके, मध्ये उंचवटा. नख लावून पाहिलं. आतलं लाकूड घट्ट होतं.

मंजिरी_अ

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे गेली नऊ वर्षं फेअरबँक्सला आहे. एरवी फक्त वाचते, पण या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना.

आमच्या बाजूचा भाग ९७ व्या रेजिमेंटनं केला. ते जहाजानं वाल्डेझ बंदरात उतरले, तिथून स्लाना, मग मेंटास्टा खिंडीतून टोक नावाच्या गावी आणि तिथून कॅनडाच्या हद्दीकडे. दुसऱ्या बाजूनं, व्हाइटहॉर्सकडून, गोरी १८ वी रेजिमेंट येत होती. २५ ऑक्टोबर १९४२ ला बीव्हर क्रीकजवळ दोघांची गाठ पडली.

९७ वीचा कॉर्पोरल रिफाइन्स सिम्स ज्युनिअर, फिलाडेल्फियाचा मुलगा, डोझरवर होता. समोरची झाडं अचानक त्याच्याच अंगावर पडायला लागली. त्यानं डोझर घाईनं मागे घेतला. झाडं आडवी झाली आणि त्यांतून दुसरा डोझर बाहेर आला. त्यावर प्रायव्हेट आल्फ्रेड यालुफ्का, टेक्सासचा गोरा मुलगा. दोघांचा एकमेकांशी हात मिळवतानाचा फोटो आहे. डोझर एकमेकांच्या तोंडाला तोंड लावून उभे, दोघेही दमलेले आणि हसरे. टेक्सासमध्ये तेव्हा हे दोघे एका बाकावर बसून जेवू शकले नसते.

त्या फोटोत मला आणखी एक गोष्ट दिसते. काळ्यांना यंत्र हाकता येणार नाही असं ज्यांनी ठरवलं होतं, त्यांच्या रस्त्याचं शेवटचं झाड पाडताना एका बाजूच्या डोझरवर सिम्स बसलेला आहे.

त्या जागेची थंडी कशी असते तेही सांगते. बीव्हर क्रीकजवळ स्नॅग म्हणून जागा आहे, तिथे फेब्रुवारी १९४७ मध्ये उणे ६३ अंशांच्या आसपास तापमान नोंदलं गेलं. आम्ही उणे ४० ला गाडीचं इंजिन रात्रभर विजेच्या प्लगला लावून ठेवतो. घरात हीटर असतो, आणि तरी जानेवारीत मला सांगलीची आठवण येऊन रडू येतं. ९७ वीनं पुढचा हिवाळा रस्त्याच्या कडेला तंबूत काढला.

आमच्याकडून जाताना डेल्टा जंक्शनच्या पुढे गर्स्टल नदीवर लांबलचक पोलादी पूल आहे. १९९३ मध्ये त्याला 'ब्लॅक व्हेटरन्स मेमोरियल ब्रिज' असं नाव दिलं. आणि २०१७ मध्ये, रस्त्याला ७५ वर्षं झाली तेव्हा, अलास्काच्या विधिमंडळानं २५ ऑक्टोबर हा या सैनिकांच्या कामाचा दिवस म्हणून कायद्यानं ठरवला. तोवर त्यांतले अगदी थोडे हयात होते, नव्वदी ओलांडलेले.

वाचक_को

माहिती उत्तम. पण एक शंका मांडतो, राग नसावा. दोन तृतीयांश सैनिक गोरे होते, शिवाय हजारो नागरी कंत्राटी कामगारही होते. मग रस्ता "कृष्णवर्णीयांनी बांधला" असं म्हणणं दुसऱ्या टोकाला जाणं नाही का?

घाटमाथा

राग कसला? शंका रास्त आहे. रस्ता सगळ्यांनी मिळून बांधला, आणि गोऱ्या रेजिमेंटची मुलंही त्याच चिखलात आणि त्याच थंडीत होती. मे महिन्यात चार्ली लेक नावाच्या तळ्यात ३४१ व्या रेजिमेंटचे सैनिक घेऊन जाणारा तराफा उलटून १२ जण बुडाले. त्यांच्या कष्टाचं माप मी काढून घेत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. सात रेजिमेंटनी रस्ता केला. चार रेजिमेंटना यंत्रं मिळाली, फोटो मिळाले, बातम्या मिळाल्या. तिघींकडे यंत्रं उशिरा आली किंवा आलेली काढून घेतली. ९३ वीचंच बघा. ती स्कॅगवेला उतरली, छोट्या रुळांच्या गाडीनं कारक्रॉसला आली आणि अवजड यंत्रं मागे राहिली. त्यांनी कारक्रॉसपासून टेस्लिनपर्यंत वाट काढली, कारण त्या वाटेवरून पुढे ३४० व्या गोऱ्या रेजिमेंटला आपल्या कामावर पोचायचं होतं. हातात फावडं द्यायचं, मग डोझरवाल्याशी तुलना करून म्हणायचं की बघा, यांचं काम सावकाश. असा हिशेब मी साइटवर प्रत्यक्ष पाहिलाय. एका कामावर डोंगराकडच्या गँगला रोलर कधी दिलाच नाही, आणि वर्षअखेरीला त्यांच्याच भागाची दबाई कमी भरली म्हणून त्यांचे पैसे कापले. त्या बिलावर माझी सही आहे. तेव्हा मी काही बोललो नाही. सिकानीच्या काठावर ते आठवलं.

आसावरी

काका, हे लिहायला धीर लागतो.

मला अजून एक बाजू मांडायची आहे. हा रस्ता ज्यांच्या जमिनीतून गेला त्या मूळ रहिवाशांचं काय झालं? मी थोडं वाचलं. टेस्लिनच्या ट्लिंगिट वस्तीत १९४२-४३ च्या हिवाळ्यात गोवर, डांग्या खोकला, हगवण, कावीळ, मेंदूज्वर अशा एकामागून एक साथी आल्या. बाहेरून आलेल्या माणसांबरोबर रोग आले. वाटाडे म्हणून मात्र त्याच लोकांना बरोबर घेतलं होतं. खिंडी कुठे, नदी कुठे उथळ, हे त्यांनीच दाखवलं. आणि रस्ता झाल्यावर क्लुआनी भागात शिकार-राखीव क्षेत्र जाहीर झालं आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे शिकार करून जगणाऱ्यांनाच बंदी आली.

सैनिकांचा मान राखायचा, तर हेही त्याच धाग्यात असायला हवं असं मला वाटतं.

मंजिरी_अ

+१ आसावरी. कॅनडाच्या युकॉन भागातल्या म्हाताऱ्या माणसांशी बोललं की ते रस्त्याच्या आधीचा काळ आणि रस्त्यानंतरचा काळ असेच दोन भाग करून सांगतात.

जुना ग्रेफवाला

रामराम मंडळी. नातवानं हा धागा वाचून दाखवला, तोच टाइप करतोय.

मी सीमा रस्ते संघटनेत, ग्रेफमध्ये होतो. मूळ गाव खानापूरकडचं, भरती पुण्याला. शेवटची काही वर्षं अरुणाचलात चांगलांग जिल्ह्यात गेली. तुम्ही अलास्काचं लिहिताय, पण अमेरिकेच्या कृष्णवर्णीय इंजिनिअरांनी जंगलातला दुसरा रस्ता आपल्या देशातून काढला आहे. मी त्या रस्त्यावर नोकरी केली. आसामातलं लेडो, तिथून जयरामपूर, नामपोंग, मग पांगसाऊ खिंड आणि पलीकडे ब्रह्मदेश. लेडो रोड. पुढे त्याला स्टिलवेल रोड म्हणायला लागले.

१९४२ मध्ये जपान्यांनी ब्रह्मदेश घेतला आणि चीनला जाणारी जमिनीची वाट बंद झाली. हिमालयावरून विमानानं सामान जायचं, पण ते पुरत नव्हतं. म्हणून डिसेंबर १९४२ मध्ये लेडोपासून अमेरिकनांनी रस्ता हाती घेतला. पहिल्या तुकड्यांत ४५ वी इंजिनिअर रेजिमेंट आणि ८२३ वी एव्हिएशन इंजिनिअर बटालियन होत्या, दोन्ही कृष्णवर्णीय. या रस्त्यावर एकूण १५,००० अमेरिकन सैनिक राबले आणि त्यांतले साठ टक्के कृष्णवर्णीय. म्हणजे अलास्कात तिघांत एक, इथे पाचांत तीन. त्यांच्याबरोबर ३५,००० स्थानिक मजूर, त्यांत चहाच्या मळ्यांतून आणलेली माणसंही होती.

पांगसाऊ खिंड पावणेचार हजार फुटांची आहे, आकडा मोठा नाही. पण त्या डोंगराची माती मी हाताळली आहे. पावसाळ्यात तिचा लगदा होतो. सकाळी जिथून जीप नेली तिथे संध्याकाळी रस्ताच नसतो, दरीत गेलेला. वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पाऊस. त्यांनी फेब्रुवारी १९४३ अखेर पहिला डोझर ब्रह्मदेशाच्या हद्दीवर नेला आणि तिथे पाटी लावली, "ब्रह्मदेशात स्वागत, टोकियोकडे जाणारी वाट". मग पावसाळा आला आणि काम जवळजवळ थांबलं. ऑक्टोबरात कामाचा नवा प्रमुख म्हणून पिक आला (पुढे तो जनरल झाला), रात्रंदिवस पाळ्या लावल्या आणि २७ डिसेंबर १९४३ ला शिंगब्वियांग गाठलं, लेडोपासून शंभर मैलांवर. पुढे लढाई जशी सरकेल तसा रस्ता सरकला. जानेवारी १९४५ मध्ये लेडोहून पहिला ताफा निघाला आणि ४ फेब्रुवारीला चीनमधल्या कुनमिंगला पोचला.

अकराशेच्या वर अमेरिकन मेले. मलेरिया, टायफस, दरडी, ट्रक दरीत जाणं. लेडो ते कुनमिंग एक हजार ऐंशी मैलांच्या आसपास, म्हणून म्हणतात की मैलाला एक माणूस. आपले आणि ब्रह्मदेशातले मजूर किती गेले त्याची मोजणी या हिशेबात नाही.

जयरामपूरजवळ रस्त्याच्या कडेला जंगलात १९९७ मध्ये एक कब्रस्तान सापडलं. हजाराच्या आसपास कबरी. चिनी, काचिन, भारतीय, ब्रिटिश, अमेरिकन. मी पुढच्याच वर्षी तिथे गेलो. आमची माणसं दाव, म्हणजे तिकडचे कोयते, घेऊन वेली तोडत पुढे आणि मी मागून. कबरींवर झाडं उगवली होती, मुळांनी दगड उचलून बाजूला सारले होते. बहुतेकांवर काही लिहिलेलं नाही. आमच्यातल्या एकानं खिशातली तंबाखूची पुडी काढून एका दगडावर ठेवली. कुणी त्याला का म्हणून विचारलं नाही. सगळे रस्त्यावरचेच.

चिन्मय_पु

आजोबांना माझा नमस्कार सांगा. हे आम्हाला कुठेच शिकवलं नाही.

लेडो रोड म्हणून एक फोटो नेहमी फिरतो, डोंगरावर चोवीस वळणांचा रस्ता आणि ट्रकची रांग. तो पांगसाऊचाच का?

जुना ग्रेफवाला

नाही बाळा. तो फोटो लेडो रोडचाही नाही आणि बर्मा रोडचा, म्हणजे ब्रह्मदेशातून चीनला जाणाऱ्या जुन्या वाटेचाही नाही. ती वळणं चीनच्या ग्वेइचौ प्रांतात चिंगलोंगजवळ आहेत, कुनमिंगच्याही पुढे. तिथून सामान जायचं हे खरं, पण पांगसाऊचा डोंगर असा उघडा नाही. तिथे इतकं रान आहे की दहा फुटांपलीकडचं वळण दिसत नाही.

घाटमाथा

ग्रेफवाले काका, तुमच्या लिखाणानं धाग्याचं सोनं झालं. तुमच्याकडून एक जाणून घ्यायचं आहे. लेडो रोडला शेवटी नाव मिळालं जनरल स्टिलवेलचं, तेही चीनचा तेव्हाचा सत्ताधारी च्यांग कै-शेक यानं दिलेलं. सैनिक आपापसात 'पिक्स पाइक' म्हणायचे, म्हणजे पुन्हा जनरलच. ४५ व्या रेजिमेंटचं किंवा ८२३ व्या बटालियनचं नाव आपल्या बाजूला कुठे एखाद्या खांबावर, मोरीवर, पुलावर तुमच्या पाहण्यात आलं का?

जुना ग्रेफवाला

मी होतो तोवर माझ्या पाहण्यात आलं नाही. आम्ही एक जुनी मोरी उकरली होती, दुरुस्तीसाठी. पत्र्याचा नळ होता, लष्करी पद्धतीचा, कोरुगेटेड. भराव इतका व्यवस्थित दाबलेला, की आमच्या पोरांना पहारीनं सुटेना. पन्नास वर्षं झाली होती त्याला आणि वरून पाऊस तो तसला. साहेब म्हणाले बदला. मी म्हटलं, साहेब, तोंडाचं दगडकाम तेवढं करू, नळाला हात नको. त्यांनी ऐकलं. तो नळ मी निघेपर्यंत पाणी काढत होता.

वाचक_को

माझी शंका मागे घेतो असं म्हणत नाही, पण ती विचारली हे बरं झालं. त्यातून एवढं सगळं आलं.

अमेरिकेच्या सैन्यातली ही रंगाची विभागणी कधी संपली? कुणी सांगेल का?

मंजिरी_अ

२६ जुलै १९४८ ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी आदेश काढला, क्रमांक ९९८१. सैन्यात वंश, रंग, धर्म न पाहता सर्वांना समान वागणूक आणि समान संधी, असा. प्रत्यक्षात तुकड्या मिसळायला पुढे कोरियाचं युद्ध उजाडलं. अलास्का हायवेच्या कामाचा या बदलाला हातभार लागला असं इथे बरेच जण मानतात. जनरल बकनरनं काही ते पाहिलं नाही, तो जून १९४५ मध्ये ओकिनावावर मारला गेला.

येत्या २५ तारखेला रविवार आहे. आम्ही गर्स्टलच्या पुलावर जायचं म्हणतोय, इथून दोनशे किलोमीटर. आल्यावर लिहिते.

मंजिरी_अ

जाऊन आलो.

सकाळी साडेआठला निघालो तेव्हा अंधार होता. डेल्टा जंक्शनला चहा घेतला. तिथून पुलापर्यंत रस्त्यावर एकही गाडी लागली नाही. उणे १४. नदी अर्धी गोठलेली, मधल्या धारेतून राखाडी पाणी वाहत होतं. गाडी अलीकडे कडेला लावली आणि चालत पुलाशी गेलो.

नावाच्या पाटीवर बर्फ बसला होता. मुलीनं हातमोज्यानं पुसला आणि मोठ्यानं वाचलं. मग तिनं विचारलं, "आई, त्या काकांचा पूल किती लांब होता?" मी म्हटलं तीनशे फूट. ती पावलं मोजत पुलाच्या कडेकडेनं चालायला लागली. शंभर पावलं झाली तिथे थांबली, वळली आणि हात वर करून म्हणाली, "इथपर्यंत!"

तिच्यापुढे पूल अजून बराच उरला होता. ती तिथेच कठड्याला टेकून खालचं पाणी बघत उभी राहिली, मी हाका मारेपर्यंत.